गाऊन, टोपी आणि पहिलीचा वर्ग: कोपरखैरणेतल्या एका शाळेचं प्रकरण

सिनियर केजीच्या मुलांचा ‘ग्रॅज्युएशन डे’ ठेवावा की बंद करावा, यावरून कोपरखैरणेतल्या एका शाळेत पालक, शिक्षिका आणि व्यवस्थापन यांच्यात चांगलाच वाद झाला. मी बालवाडी आणि केजीच्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. वाद चिघळल्यावर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि पुढचं वर्षभर माझं तिथे जाणं-येणं राहिलं. शाळेचं किंवा कुणा माणसाचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. प्रश्न मात्र जसा होता तसाच मांडते, कारण ठाण्यापासून पनवेलपर्यंत अनेक शाळांत वर्ष संपत आलं की तो निघतोच.

माझं मत आधीच सांगून टाकते. सहा वर्षांच्या मुलाचं केजीचं वर्ष संपताना काहीतरी व्हायलाच हवं. पण ते विद्यापीठाच्या पदवीदानाची नक्कल नसावं, आणि त्याचं तोंड मागच्या वर्गाकडे नाही, पहिलीच्या दाराकडे असावं. हे मत घेऊनच मी त्या शाळेत गेले होते. तिथे ते पक्कं झालं, फक्त एका बाबतीत एका वडिलांनी मला वेगळा विचार करायला लावला.

शाळा आणि पालक

शाळा एका जुन्या संस्थेची. नर्सरी ते दहावी एकाच इमारतीत. केजी तळमजल्यावर, पहिली-दुसरी पहिल्या मजल्यावर. म्हणजे ज्या मुलांना आपण ‘ग्रॅज्युएट’ म्हणत होतो ती जूनमध्ये त्याच फाटकातून आत येणार होती आणि एक जिना चढणार होती.

इथले पालक कोण आहेत हे समजल्याशिवाय वाद कळणार नाही. मुंबईतला घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलला तशी त्या बाजारात ओझी वाहणारी माथाडी कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीत सिडकोच्या छोट्या घरांत आली. पाटण, जावळी, शिराळा, आंबेगाव भागातली ही माणसं. आता त्यांची तिसरी पिढी केजीत आहे. दुसरा गट महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या तरुण जोडप्यांचा. तिसरा मूळ गावठाणातल्या आगरी घरांचा. या सगळ्यांत मिसळलेली आणखी काही मुलं आहेत, ती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(सी) नुसार २५ टक्के राखीव जागांवर आलेली. या शाळेत प्रवेशाची पहिली पायरी केजीचीच असल्यामुळे ती सुरुवातीपासून वर्गात होती.

समारंभाची चाल शाळेची स्वतःची नव्हती. जवळच एक फ्रँचायझी प्लेस्कूल सुरू झालं, तिथले गाऊन घातलेल्या मुलांचे फोटो पालकांच्या मोबाइलवर फिरू लागले आणि ‘आपल्याकडे का नाही’ अशी विचारणा सुरू झाली. प्रवेश कमी होतील या काळजीने शाळेनेही सुरू केलं. पहिल्या वर्षी ते शाळेच्याच सभागृहात झालं. मग दर वर्षी एकेक गोष्ट वाढत गेली: भाड्याचा सॅटिनचा गाऊन आणि झुपकेदार टोपी, बाहेरचं लॉन, फोटोग्राफरचं पॅकेज, प्रमुख पाहुणे, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं प्रमाणपत्र, आणि प्रत्येक मुलाला एक ‘टायटल’. वर्गणी प्रत्येक मुलामागे १,४०० रुपये. ‘ऐच्छिक आहे’ असं सूचनेत लिहिलेलं असे. पण वर्गात टोप्यांची मापं घेतली जात असताना ऐच्छिक या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

तालमींचा हिशोब वर्गशिक्षिकेने मला तिच्या वहीतून दाखवला. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. ते आटोपतं न आटोपतं तोच ग्रॅज्युएशनची प्रॅक्टिस. रांगेत उभं राहायचं, नाव आलं की उजवीकडून चढायचं, डाव्या हाताने नळी घ्यायची, उजवा हात पाहुण्यांना द्यायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, माईकवर ‘मला मोठेपणी काय व्हायचंय’ ते इंग्रजीत सांगायचं. फेब्रुवारी आणि मार्चमधली सकाळ यात जायची. गोष्टीचा तास, मातीकाम, अंगणातला खेळ हे त्या दोन महिन्यांत सर्वांत आधी कापलं जायचं. केजीच्या वर्षातला हा काळ फार मोलाचा असतो. मुलं एकमेकांची झालेली असतात, हात स्थिर झालेला असतो, शब्द सुचू लागलेले असतात. त्या काळात आपण त्यांना रांगेत उभं करत होतो.

ती संध्याकाळ आणि पुढचा सोमवार

ज्या समारंभावरून वाद पेटला तो एप्रिलमध्ये एका लॉनवर झाला. पाहुणे उशिरा आले. मुलं सॅटिनच्या गाऊनमध्ये तास-दीड तास बसून होती. एका मुलीने व्यासपीठावर जाऊन माईक पाहिला आणि ती तिथेच थिजली. सूत्रसंचालिकेने तिचं वाक्य तिच्या वतीने म्हटलं. एका मुलाला ‘मिस्टर टॉकेटिव्ह’ असं टायटल मिळालं. सगळे हसले, तोही हसला. पण त्या रात्री त्याने आईला विचारलं, “मी जास्त बोलतो म्हणून मला बक्षीस दिलं की शिक्षा?” त्या आईने हे पत्रात लिहून मुख्याध्यापिकांना दिलं. वादातला पहिला कागद तोच.

मला त्याहून गंभीर वाटली ती हजेरीची वही. त्या संध्याकाळी बरीच मुलं आलीच नव्हती. एकीच्या आईने ताप असल्याचं कळवलं होतं, एकाच्या घरून गावाला जातोय असा निरोप आला होता, काहींनी काहीच कळवलं नव्हतं. वर्गशिक्षिकेने न आलेल्यांची नावं आणि वर्गणी न भरलेल्यांची नावं शेजारी-शेजारी लिहिली, तेव्हा दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच निघाल्या. त्यात राखीव जागांवरची मुलं होती, एका रिक्षाचालकाचा मुलगा होता, आणि एक असं घर होतं जिथे तीन भावंडं याच शाळेत शिकत होती आणि त्या महिन्यात तिघांचीही फी एकदम आली होती.

सोमवारी, गावाला गेलो म्हणून सांगितलेला मुलगा नेहमीच्या वेळी वर्गात आला. त्याने तीच तालीम दोन महिने सगळ्यांबरोबर केली होती. बाईंना त्याने विचारलं, “बाई, माझी टोपी कुठाय?”

त्या बाईंनी पुढच्या वर्षी हा कार्यक्रम आपण करणार नाही असं लेखी दिलं. नोकरीत कायम नसलेल्या शिक्षिकेने असं लिहून देणं किती अवघड असतं, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना सांगायला नको.

बैठकीत कोण काय म्हणालं

पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची बैठक जूनच्या शेवटी झाली. नवी समिती नुकतीच चिठ्ठ्या टाकून निवडली होती, त्यामुळे तिन्ही गटांतले पालक एका टेबलाभोवती होते. हे एरवी होत नाही.

एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या आईने सरळ मांडलं: हा दिखावा आहे, बंद करा. तिच्याकडे मुद्दे तयार होते. खर्च, उष्णता, तालमी, टायटल. तिने खारघरची आठवण करून दिली. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या उघड्यावरच्या कार्यक्रमात उन्हाने माणसं दगावली होती. आकडा १४ वर गेला होता, आणि ती मोठी माणसं होती. आपण त्याच महिन्यात, त्याच शहरात, सहा वर्षांच्या मुलांना बंद गळ्याचा सॅटिन घालून लॉनवर बसवतो, असं ती म्हणाली. आपला कार्यक्रम संध्याकाळचा असतो असं कुणीतरी म्हणालं. पण तिचा मुद्दा योग्यच होता. आपल्याकडे एप्रिलची संध्याकाळसुद्धा घामाचीच असते.

मुख्याध्यापिकांची अडचण खरी होती. शेजारच्या प्लेस्कूलच्या फलकावर गाऊनमधल्या मुलांचा फोटो आहे. केजीला मुलं कमी आली की पहिलीचा पट कमी होतो, पट कमी झाला की शिक्षिका कमी कराव्या लागतात.

मग बाजारात माथाडी टोळीवर काम करणारे एक वडील बोलले. तोवर ते गप्प होते. “मॅडम, आमच्या घरात दहावीच्या पुढं कोण गेलं न्हाई. माझं नाव माईकवरनं कुणी कधी घेतलं न्हाई. पोरीचं घेतलं, तिची आजी रडली. ज्यांच्या घरात डिगरीचे फोटो भिंतीला हायेत त्यांनी बंद करा म्हणणं सोपं हाय.”

टेबलावर शांतता पसरली. मला तिथेच थांबून विचार करावा लागला. ‘मुलांसाठी निरर्थक आहे’ एवढं म्हणून मी हा समारंभ निकालात काढला होता. तो पालकांसाठी आहे, हे तर माहीत होतंच. पण पालकांसाठी असणं हा दोष आहे असं मी गृहीत धरलं होतं. दोष तो नाही. ज्या बापाने पोती वाहून शाळेची फी भरली, त्याला आपल्या मुलीचं नाव चार लोकांत मोठ्याने उच्चारलेलं ऐकायचं आहे. ही इच्छा खोटी नाही, आणि तिला दिखावा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मात्र हेही खरं की त्याच समारंभाने त्यांच्याच शेजारच्या घरातल्या मुलाला १,४०० रुपयांसाठी घरी बसवलं होतं. मी ते बोलले. ते म्हणाले, “मला म्हाईत हाय. तेच्या बापाला मी इचारलं होतं, मी भरतो म्हणून. त्यानं न्हाई म्हणून सांगितलं.” असे पैसे कुणी घेत नाही. घेऊही नयेत.

सर्वांत शेवटी पहिलीच्या वर्गशिक्षिका बोलल्या, आणि माझ्या मते त्या बैठकीतलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं तेच होतं. “तुम्ही सगळे मार्च-एप्रिलचं बोलताय. मला जून दिसतो. तीच मुलं माझ्याकडे येतात आणि पहिला आठवडा रडतात. त्यांना मी कोण ते माहीत नसतं. केजीत सतरंजी असते, माझ्याकडे बाक. केजी तीन तासांची, माझा वर्ग त्याच्या जवळजवळ दुप्पट. केजीत मावशी डबा उघडून देतात, इथे कुणी नाही. बाथरूम कॉरिडॉरच्या त्या टोकाला आहे, एकटं जायची भीती वाटते, मुलं धरून ठेवतात आणि मग वर्गात होतं. दोन महिने चालायला शिकवलंत ना स्टेजवर? दोन दिवस माझ्या मजल्यावर पाठवा.”

मुलांचं म्हणणं

निर्णय घेण्याआधी आपण मुलांनाच विचारू, एवढी एकच विनंती मी त्या दिवशी केली. मोठ्यांच्या वादात मुलं कुठेच नव्हती.

पहिलीत गेलेल्या मुलांना त्यांच्या बाईंनी गप्पांच्या ओघात विचारलं: गेल्या वर्षीच्या त्या कार्यक्रमातलं काय आठवतं? टोपीचं इलॅस्टिक हनुवटीला रुतत होतं. समोसा तिखट होता. आमच्या बाई रडत होत्या. माझा गाऊन पायात आला. पाहुणे कुणालाच आठवले नाहीत. प्रमाणपत्र कुठे आहे असं विचारल्यावर बहुतेकांनी ‘कपाटात, वर’ असं सांगितलं. एका मुलीला मात्र सगळं लख्ख आठवत होतं, आणि आनंदाने. तिचे आई-बाबा दोघंही एकाच वेळी शाळेत आले होते, तेवढंच एकदा.

नव्या सिनियर केजीच्या मुलांना ‘वरच्या मजल्यावर काय असेल’ याचं चित्र काढायला सांगितलं. चित्रांत मोठमोठे बाक, घंटा, पट्टी घेतलेल्या बाई, खूप पायऱ्या. आणि प्रश्न आले ते बाईंनी जसेच्या तसे लिहून ठेवले. शू कुठे करायची? तिथे झोप आली तर? डबा उघडला नाही तर? तुम्ही वर येणार का? वरून खाली येता येतं का?

हे वाचल्यावर बराच वाद आपोआप मिटला. मुलांना सन्मान हवा की नको हा प्रश्नच नव्हता. त्यांना माहिती हवी होती.

या बाबतीत आधीच माहीत असलेलं

काही गोष्टी मी बैठकीत मांडल्या, त्या इथेही लिहिते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे: पूर्व-प्राथमिकची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. म्हणजे सिनियर केजीनंतर टप्पा संपत नाही, आपण त्याच्या मधोमध असतो. जिथे जोड घट्ट हवा नेमक्या तिथेच आपण पदवी देऊन सांधा उकलतो. आणि हा विचार आपल्याला नवा नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे काम कोसबाडला गेलं. बोर्डी-कोसबाड आज पालघर जिल्ह्यात, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला. मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सहज जावं, त्याला उंबरठा अडू नये, हा त्यामागचा विचार. बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्ही या दोघींची नावं घेतो, जयंत्या करतो, आणि मार्चमध्ये गाऊनची मापं घेतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टायटल आणि बक्षिसांबद्दल एक जुना प्रयोग अजूनही उपयोगी आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत तो केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं, अशांपैकी काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते नंतर, न सांगता दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात ज्यांना बक्षिसाचं आमिष होतं ती मुलं इतरांपेक्षा बरीच कमी वेळ चित्रं काढताना दिसली. अनपेक्षित प्रमाणपत्र मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही. या प्रयोगाचा अर्थ ‘कौतुक करू नका’ असा नाही, आणि तो समारंभांबद्दलचाही नाही. पण ‘छान अक्षर काढलंस तर बेस्ट हँडरायटिंगचं टायटल’ असं दोन महिने सांगत राहण्याबद्दल तो नक्की काहीतरी सांगतो.

आणि गाऊन. मोठ्यांच्या विद्यापीठांतही त्यावर प्रश्न उठले आहेत. २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी दीक्षान्त समारंभात अंगावरचा झगा व्यासपीठावरच उतरवला होता. तो वसाहतकाळाचा अवशेष आहे, असं त्यांचं म्हणणं. मला त्यापेक्षा साधी गोष्ट खटकते. ज्याने अनेक वर्षं अभ्यास करून पदवी मिळवली त्याला तो झगा शोभतो, कारण त्यामागे मेहनत आहे हे त्याला ठाऊक असतं. सहा वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थच माहीत नसतो. आणि पुढे खऱ्या पदवीच्या दिवशी घालायची वस्तू आपण आधीच वापरून टाकतो.

आपल्याकडे शाळेतले निरोपाचे आणि स्वागताचे चांगले प्रकार आहेत, त्यांच्याकडे बघायला हवं. दहावीचा निरोप समारंभ नववीची मुलं करतात. मागे राहणाऱ्यांनी जाणाऱ्यांना द्यायचा तो निरोप असतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत शेवटच्या वर्गातली मुलं जाताना शाळेला घड्याळ, खुर्ची, पुस्तकं अशी काही भेट देऊन जातात. आणि स्वागताच्या बाजूला राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेतच मेळावा भरतो, निरनिराळ्या टेबलांवर मूल उड्या मारतं, वस्तूंची वर्गवारी करतं, चित्र पाहून बोलतं. आयांचे गट तयार होतात आणि घरी काय करायचं ते त्यांना सांगितलं जातं. सरकारी शाळांनी उत्सव योग्य टोकाला ठेवला आहे. भरमसाट फी घेणाऱ्या आपल्या शाळांनी तो चुकीच्या टोकाला नेला. हे मी बैठकीत म्हटलं तेव्हा व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींना आवडलं नाही.

काय ठरलं

ठरायला तीन बैठका लागल्या. सगळ्यांचं एकमत झालं असं मी म्हणणार नाही.

वर्गणी पूर्ण बंद झाली. जे काही होईल ते शाळेच्या खर्चात, शाळेच्या सभागृहात. गावठाणातल्या एका आजींनी देवळाचं सभागृह मोफत मिळवून देते म्हटलं होतं. पण मुलांच्या ओळखीची जागा हवी म्हणून शाळाच ठरली. तालीम नाही, एकही दिवस नाही. टायटल नाहीत. त्याऐवजी बाईंनी प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहायच्या, आणि त्या त्या मुलाने खरोखर केलेल्या गोष्टींच्या असाव्यात. या दोन ओळींवर बाईंनी फार कष्ट घेतले. ‘अंगणातल्या मुंगळ्यांची रांग कुठे जाते हे शोधायला तू भिंतीपलीकडे डोकावलास.’ ‘नवीन मुलगी रडत होती तेव्हा तू तिला तुझी जागा दिलीस.’ हे वाचल्यावर ‘स्टार परफॉर्मर’ लिहिलेला चकचकीत कागद कुणाला हवासा वाटेल, असं मला वाटत नाही.

तारखेवर मी अपेक्षा केली नव्हती इतकी चर्चा झाली, आणि ती आवश्यक होती. चैत्रात साताऱ्याकडच्या गावोगावच्या यात्रा असतात. माथाडी घरं त्या काळात गावी जातात, म्हणजे जातातच. एप्रिलचा कार्यक्रम म्हणजे त्या मुलांना वगळणं. मार्चमधल्या एका रविवारची सकाळ ठरली, कारण कंपनीत आणि बाजारात काम करणाऱ्या बहुतेकांना तोच दिवस मोकळा. माथाडी कामगाराचा रोजगार वजनावर, मालावर असतो. एक सकाळ बुडाली की पैसे बुडतात, हे त्या वडिलांनीच सगळ्यांना समजावलं.

व्यासपीठ मात्र राहिलं. माईक राहिला. नाव राहिलं. हे त्यांच्यामुळे. मी सुरुवातीला वर्गात, सतरंजीवर बसून छोटा कार्यक्रम सुचवला होता. तो मागे घेतला. ठरलं असं की प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, आईच्या आणि वडिलांच्या नावासकट, माईकवरून घेतलं जाईल. मूल घरच्यांचा हात धरून वर येईल. काही बोलायची सक्ती नाही. बाई दोन ओळी वाचून दाखवतील. आणि फोटो शाळा काढून, छापून देईल, सगळ्यांना एकसारखा.

गाऊनवर मतदान झालं. एकदाच गाऊन शिवून शाळेने ठेवावेत म्हणजे भाडं नको, अशी एक सूचना होती. फेटे बांधावेत अशी दुसरी. फेटा छान दिसतो, पण आवळून बांधलेला फेटा लहान मुलाला टोपीच्या इलॅस्टिकपेक्षा जास्त टोचतो. शेवटी रोजचाच गणवेश. त्या वडिलांनी विरोधात मत दिलं आणि निकाल लागल्यावर मान हलवून गप्प बसले.

दुसरा भाग पहिलीच्या बाईंच्या मागणीचा. फेब्रुवारीत केजीची मुलं गटागटाने वर गेली. दुसरीतल्या एकेका मुलाकडे एकेक पाहुणा सोपवला होता. त्याने बाक दाखवायचा, दप्तर कुठे ठेवायचं ते दाखवायचं, आणि बाथरूमपर्यंत घेऊन जाऊन परत आणायचं. दुसरीतली मुलं या कामाने इतकी गंभीर झाली होती की एकाने आपल्या पाहुण्याला नळ कसा बंद करायचा हे तीनदा करून दाखवलं. प्रत्येक मुलाची चित्रांची फाइल केजीच्या बाईंनी पहिलीच्या बाईंना समोरासमोर बसून दिली. डबा स्वतः उघडायचा सराव तर घराघरांत सुरू झाला.

झालं ते

मार्चमधल्या त्या रविवारी ज्युनियर केजीच्या मुलांनी गाणं म्हटलं आणि प्रत्येकाला त्यांनीच कागदाचं फूल दिलं. निरोप मागे राहणाऱ्यांनी द्यावा म्हणून. पहिलीच्या बाई व्यासपीठाच्या उतरत्या पायरीशी उभ्या होत्या. खाली येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांनी नावाने हाक मारली. अर्ध्याहून अधिक नावं त्यांना पाठ होती. कार्यक्रम दीड तासात संपला. फक्त एक मूल आलं नाही, ते खरोखरच कांजिण्यांनी आजारी होतं.

ते वडील आईला घेऊन आले होते. त्यांच्या घरातून आणखी कुणी कुणी आलं होतं, मागच्या दोन रांगा भरल्या. आदल्या वर्षी व्यासपीठावर चढलेली मुलगी त्यांची मोठी होती. या वेळी धाकट्याची पाळी होती. खाली आल्यावर ते मला म्हणाले, “झगा पायजे होता, बाई. पण नाव ऱ्हायलं ते बरं केलं.” त्यांचं समाधान पूर्ण झालं नाही, आणि ते झालं असं मी लिहिणं बरोबर होणार नाही.

जूनमध्ये पहिल्या आठवड्यात रडणारी मुलं होतीच. बाईंच्या म्हणण्यानुसार कमी होती, आणि वर्गात कपडे ओले होण्याचे प्रसंग जवळजवळ थांबले. एका शाळेचं एक वर्ष, त्यावरून मोठा दावा मी करणार नाही. पण कारण उघड आहे: बाथरूम कुठे आहे ते त्यांना माहीत होतं आणि एका मोठ्या मुलाबरोबर ती तिथे आधीच जाऊन आली होती. शाळेचे प्रवेश घटले नाहीत. शेजारच्या प्लेस्कूलचा फलक अजून तसाच आहे.

इतर शाळा मला विचारतात तेव्हा मी सगळ्यांना हाच आराखडा देत नाही. प्लेस्कूलमधून मुलं खरोखरच पांगतात, कुणी सीवूड्सच्या शाळेत, कुणी ऐरोलीच्या, आणि एकमेकांना पुन्हा भेटत नाहीत. तिथे निरोपाचा भाग मोठा हवा. एकमेकांचे फोटो, पत्ते, एक शेवटचा एकत्र डबा. विशेष गरजा असलेल्या मुलाने तीन वर्षांच्या उपचारांनंतर नेहमीच्या शाळेत पाऊल टाकलं असेल, तर त्याच्या घरच्यांनी हवा तेवढा मोठा सोहळा करावा. तिथे काहीतरी खरंच पार पडलेलं असतं. वर्गणी, तालीम आणि टायटल या तीन गोष्टी मात्र मला कुठल्याच शाळेत योग्य वाटत नाहीत.

कोपरखैरणेच्या शाळेत समिती पुन्हा चिठ्ठ्या टाकून बदलली आहे आणि गाऊनचा विषय नव्या सदस्यांनी परत काढला आहे. मुख्याध्यापिकांनी तो पुढच्या बैठकीत ठेवला आहे. पहिलीच्या बाईंनी त्याच बैठकीसाठी वेगळी मागणी लिहून दिली आहे: फेब्रुवारीतली वरच्या मजल्याची भेट एकदा नको, तीनदा हवी, आणि त्यातली एक डबा खाण्याच्या वेळेला.